जपून चालवलेल्या गाडीचं ऑइल का वाढलं: नव्या टर्बो इंजिनाचं निफाडमधलं एक प्रकरण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दाजींचा फोन आला. गाडी घेऊन तीन महिने झाले होते आणि मीटरवर १,१४० किलोमीटर होते. म्हणाले, "अरे, ऑइल वाढलंय." मला वाटलं, कमी झालंय म्हणायचं असेल. पंचवीस वर्षं गॅरेज चालवतोय, ऑइल कमी झाल्याचे फोन रोजचे. वाढल्याचा फोन क्वचित येतो. मी पुन्हा विचारलं, तर त्यांनी शांतपणे सांगितलं, "ऑइलच्या दांडीवर वरच्या खुणेच्या आठ मिलिमीटर वर आहे. मोजपट्टी लावून मोजलंय. आणि पेट्रोलचा वास येतोय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निफाडला शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. घर गावात आणि द्राक्षाचा मळा तीन किलोमीटरवर. आधीची साधी १.२ लिटरची पेट्रोल गाडी त्यांनी सतरा वर्षं वापरली आणि विकताना तिचं इंजिन एकदाही उघडलेलं नव्हतं. दसऱ्याला नवी घेतली: तीन सिलिंडर, ९९९ सीसी, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), डायरेक्ट इंजेक्शन, सहा गिअर. चार मीटरच्या आतली लांबी आणि १,२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असलं की आपल्याकडे कर कमी बसतो, त्यामुळे अशी छोटी टर्बो इंजिनं आता घरोघरी पोहोचली आहेत. बाहेरून बघितलं तर गाडी तीच, पेट्रोल तेच. आत मात्र बरंच काही बदललेलं आहे, आणि गाडी हातात देताना ते कोणी समजावून सांगत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय याचं कारण दाजींनी काहीही निष्काळजीपणा केलेला नव्हता. गाडी जपण्यासाठी जे जे केलं, नेमकं त्यातूनच हे उभं राहिलं.

वहीतल्या नोंदी

दाजींकडे गाडीची वही आहे, शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली. तारीख, निघालेली वेळ, कुठे गेलो, किती किलोमीटर, शेवटी शेरा. एवढा स्वच्छ पुरावा मला कुठल्याही गिऱ्हाइकाकडून मिळालेला नाही. पहिल्याच पानावर, गाडी घरी आली त्या दिवशी लिहिलं होतं: "ऑइल – वरच्या खुणेच्या थोडं खाली." म्हणजे कारखान्यातूनच जास्त भरून आलं असेल, ही शंका तिथेच मिटली.

पुढे तीन महिने जवळजवळ एकच ओळ: घर ते मळा, ३ किमी. मळा ते घर, ३ किमी. मध्ये चार वेळा नाशिक, एकदा लासलगाव. बाकी सगळं तीन-तीन किलोमीटर. डिसेंबरपासून वेळ पहाटे साडेपाचची. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे. पारा खाली गेला की द्राक्षाला धोका, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. दाजी त्यासाठीच जायचे. शेऱ्याच्या रकान्यात रोज एक वाक्य: "१० मिनिटे चालू ठेवून गरम केली." परतल्यावर दुसरं: "५ मिनिटे चालू ठेवून बंद केली, टर्बो थंड व्हावा म्हणून."

वेगाबद्दल विचारलं तर म्हणाले, "दोन हजाराच्या वर काटा जाऊ दिला नाही. लगेच वरचा गिअर. नवी गाडी आहे, रेस कशाला द्यायची?"

माझ्या पिढीला आणि त्यांच्या पिढीला हेच शिकवलेलं आहे. नवं इंजिन म्हणजे हळू, कमी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), वरचा गिअर, सकाळी निवांत गरम. जुन्या गाड्यांना यातलं बरंचसं चालून जायचं. या इंजिनाला यातल्या तीन गोष्टी घातक होत्या, आणि दाजी त्या तिन्ही रोज, शिस्तीने करत होते.

निफाडला गेल्यावर

मी पुढच्याच रविवारी गेलो. गाडी रात्रभर उभी होती. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढली: ऑइल पातळ, बोटांत चोळलं की घसरतं, पेट्रोलचा वास स्पष्ट. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला ताकाच्या साईसारखा पांढरट थर. हा थर दिसला की लोकांच्या पोटात गोळा येतो, कारण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेल्यावरही असंच दिसतं. पण कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी पहिल्या दिवसाइतकीच होती, टाकीत ऑइलचा तवंग नव्हता. तो थर ज्वलनातून आलेल्या पाण्याचा होता. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरते आणि थंड झाकणावर जमते. इंजिन पुरतं तापलं तर ती उडून जाते. हे इंजिन पुरतं तापतच नव्हतं.

भाच्याकडे ओबीडीचा छोटा स्कॅनर आहे, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, मोबाइलला जोडायचा. तो लावला आणि दाजींच्याच पद्धतीने मळ्यापर्यंत गेलो, फक्त दहा मिनिटं उभं राहून गरम करणं वगळून. बाहेर ८ अंश. मळ्याच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा कूलंट ५८ अंशांवर होतं. ऑइल कूलंटच्या बरंच मागे असतं, ते तर त्याहूनही थंड. याचा अर्थ तीन महिन्यांत बहुतेक दिवशी या इंजिनातलं ऑइल नीट गरम झालेलंच नव्हतं.

नंतर गाडी पिंपळगावपर्यंत पळवून पूर्ण तापवली आणि उभी करून फ्युएल ट्रिम बघितला. इंजिनाचा कॉम्प्युटर सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजून पेट्रोल किती कमी-जास्त करतोय, ते हा आकडा सांगतो. नव्या गाडीत तो शून्याच्या आसपास रेंगाळायला हवा. इथे उणे ११. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा अकरा टक्के पेट्रोल कमी सोडत होता, कारण जास्तीचं पेट्रोल दुसऱ्या वाटेने येत होतं. चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठणाऱ्या ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल गरम होऊन वाफ होत होतं आणि ती वाफ ब्रीदरच्या (चेंबरमधली वाफ काढून नेणाऱ्या) नळीतून पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, शिरत होती. ऑइल प्रयोगशाळेत न पाठवताही पातळ झाल्याचं कळण्याचा हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. वास फसवू शकतो, पट्टी तिरक्या जागी उभ्या गाडीत फसवते. पण वास, पट्टी आणि हा आकडा तिन्ही एकच सांगत असतील तर शंका उरत नाही.

पेट्रोल ऑइलमध्ये आलं कसं

आधीच्या गाडीत पेट्रोल इनटेकच्या नळीत, तीन-चार बारच्या दाबाने फवारलं जायचं आणि हवेत मिसळून सिलिंडरमध्ये शिरायचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरमध्ये, दोनशे ते साडेतीनशे बारच्या दाबाने जातं. सिलिंडर गरम असेल तर थेंब क्षणात वाफ होतात. थंड असेल तर काही थेंब भिंतीवर आदळतात, तिथेच ओले राहतात, भिंतीवरची ऑइलची पातळ साय धुऊन टाकतात आणि रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतात. थंड इंजिनाला कॉम्प्युटर मुळातच जास्त पेट्रोल देतो. त्यात पंपावरचं पेट्रोल आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणून त्याच कामाला फवारा थोडा मोठा लागतो.

हे थोड्याफार प्रमाणात प्रत्येक डायरेक्ट इंजेक्शन गाडीत होतं. ऑइल शंभर अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास राहिलं की उतरलेलं बरंचसं परत उडून जातं. इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं, पेट्रोलमधले हलके घटक त्याच्या आसपास; जड घटकांना मात्र वेळ लागतो आणि थोडे राहूनच जातात. दाजींच्या गाडीत रोज उतरत होतं आणि उडण्याची पाळीच येत नव्हती. पहाटेची ती दहा मिनिटं यात सर्वांत वाईट. उभ्या गाडीचं इंजिन रिकामं फिरतं, काम करत नाही, म्हणून सावकाश तापतं. आणि तेवढा वेळ कॉम्प्युटर थंड इंजिनाचं वाढीव पेट्रोल ओतत राहतो. सेल्फ मारल्यावर वीस-तीस सेकंद पुरेत. ऑइलचा दाब तेवढ्यात सगळीकडे पोहोचतो, वरच्या टर्बोपर्यंतसुद्धा. मग निघायचं आणि पहिले पाच-सात किलोमीटर हलक्या पायाने चालवायचं. इंजिन चालत्या गाडीत लवकर तापतं.

यातली एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. नवं इंजिन सुरुवातीला थोडं ऑइल खातं, रिंगा बसेपर्यंत. वरून खाल्लं जातंय आणि खालून पेट्रोल भरतंय, तर पट्टीवर पातळी जागच्या जागी दिसते. मालक निर्धास्त राहतो, आणि चेंबरमध्ये ऑइलच्या जागी ऑइल-पेट्रोलचं मिश्रण असतं. दाजींच्या गाडीत पातळी उघड वाढली म्हणून कळलं.

रिंगा बसणं म्हणजे काय

रनिंग-इनबद्दल, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला कशी चालवायची त्याबद्दल, बोलताना इंजिन मोकळं होतं असं आपण म्हणतो. मोकळं होण्यापेक्षा बसणं हा शब्द मला जवळचा वाटतो. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून पाडलेल्या, बारीक तिरप्या रेघा असतात. ऑइल धरून ठेवणं हे त्यांचं काम. रिंग आणि भिंत एकमेकींना घासून, बारीक उंचवटे झिजून, एकमेकींच्या आकाराच्या होतात. हल्ली कारखान्यातच ते उंचवटे बऱ्यापैकी सपाट करून देतात, त्यामुळे पूर्वीइतकं हजार किलोमीटर तळहाताच्या फोडासारखं जपण्याची गरज राहिलेली नाही. उरलेलं शेवटचं थोडं काम मात्र रस्त्यावरच होतं.

हे काम दाबाशिवाय होत नाही. वरची रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीवर थोडीच टेकते. तिला खरं दाबतो तो जळलेला वायू: तो रिंगच्या मागे खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनाने काम केलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, तर दाब येतो. रिकामं फिरणाऱ्या किंवा नुसतं रांगणाऱ्या इंजिनात तो येत नाही. मग ऑइल रेघांमध्ये थापून चकचकीत थर धरायला लागतो आणि रिंगेला घासायला जागाच उरत नाही. असं काही महिने चाललं तर इंजिनाला ऑइल खाण्याची सवय कायमची लागू शकते.

नव्या गाडीला पहिल्या दिवसापासून पूर्ण रेस द्या, रिंगा उत्तम बसतात, असं सांगणारे लोक आहेत. त्यांचा रिंगांबद्दलचा तर्क खोटा नाही. पण गाडीत रिंगा एकट्या नसतात. बेअरिंग, गिअरबॉक्सचे दात, क्लच, ब्रेक, टायर सगळंच नवं असतं, आणि टर्बोची शाफ्ट तर सर्वांत नाजूक. थंड इंजिनाला पूर्ण रेस देणं मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. गाडीच्या पुस्तकात जे आरपीएम आणि जे किलोमीटर दिले असतील ते पाळावेत. त्या मर्यादेच्या आत मात्र इंजिनाकडून काम करून घ्यावं, आणि वेग बदलता ठेवावा. समृद्धी महामार्गावर नवी गाडी क्रूझ कंट्रोलला लावून तीन तास एकाच वेगाने नेणारे मला भेटतात. तेही रनिंग-इन नव्हे, जरी काटा मर्यादेत असला तरी.

तो 'टक्' आवाज

मळ्याच्या वाटेवर शेवटी एक चढ आहे. दाजी तो चौथ्या गिअरमध्ये, ताशी पस्तीसने, अ‍ॅक्सिलरेटर खोल दाबून चढवत होते. काटा १,४०० वर. स्कॅनरवर इनटेकमधला दाब १५० किलोपास्कल. निफाडला बाहेरच्या हवेचा ९५च्या आसपास. टर्बो जोर लावून हवा कोंबत होता, आणि इंजिन मात्र फिरायलाच तयार नव्हतं. मी शेजारी बसलो होतो. एकदा 'टक्' असा आवाज आला, कोणीतरी आतून हातोडी मारल्यासारखा. मी म्हटलं, "दाजी, तिसरा टाका." ते म्हणाले, "हा तर रोज येतो, एखाद वेळा. मला वाटलं दगड उडतात."

या आवाजाने मी ऑइलपेक्षा जास्त घाबरलो. छोट्या, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएम आणि जास्त भार एकत्र आले की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. रिंगांच्या वरच्या फटीत साचलेला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब उडतो, स्वतः पेट घेतो आणि पिस्टन अजून वर येत असतानाच स्फोट होतो. नेहमीचं नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारा खडखडाट, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडून आवरू शकतो. इथे ठिणगीचा संबंधच नाही, म्हणून आवरायला हाताशी फारसं काही नाही. दाब इतका वाढतो की पिस्टनची रिंगांमधली कड तुटते. काही गाड्यांत एका झटक्यात तुटलेली आहे.

यावर उपाय शोधताना ऑइलची रसायनंच बदलावी लागली. ऑइलमधली कॅल्शियमची स्वच्छता-रसायनं हे पेटणं वाढवतात असं दिसलं, म्हणून त्यांचा काही भाग मॅग्नेशियमने बदलला. २०१८ मध्ये एपीआयचा (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस दर्जा त्यासाठीच आला आणि मे २०२० पासून एसपी. तेव्हा छोट्या टर्बो पेट्रोल गाडीत डब्यावर एसपी किंवा त्याहून नवा दर्जा लिहिलेलं ऑइलच घालावं. आपल्या बाजारात जुन्या दर्जाचे डबे अजून मिळतात आणि दुकानदार "तेच ते, सिंथेटिकच आहे" म्हणून देतो. तेच ते नसतं.

पण ऑइल चांगलं असूनही चालवण्याची सवय ही असेल, आणि वर त्याच ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असेल, तर धोका उरतोच. गाडीने गिअर मागितला की द्यायचा. या इंजिनांचा पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) १,७००-१,८०० आरपीएमच्या पुढे येतो. त्याच्या खाली चढावर पाय खोल घालायचा नाही, एक गिअर उतरवायचा. कमी आरपीएम म्हणजे इंजिनाला आराम, ही समजूत सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालताना खरी आहे. चढावर ती खरी नाही.

टर्बोचं दुखणं वेगळं

टर्बो कल्पनेला शतक उलटून गेलं. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं. प्रवासी गाडीत तो आला १९६२ मध्ये, अमेरिकेत. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीला मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं, नाही तर इंजिन नॉक करायचं. मालकांना ते लक्षात राहायचं नाही, आणि कंपनीने पुढे बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. मालकाची सवय आणि टर्बो यांचं नातं तेव्हापासूनच नाजूक आहे.

आजच्या छोट्या टर्बोची शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या पुढे फेरे घेते. एका बाजूच्या चाकावर नऊशे अंशांच्या वरचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. मधली शाफ्ट बहुतेक गाड्यांत फ्लोटिंग बुशमध्ये, नुसत्या ऑइलच्या थरावर तरंगते. तो थर इंजिनाच्याच ऑइलचा. हल्लीची ऑइलं मुळातच पातळ, ०डब्ल्यू-२० सारखी. त्यात पेट्रोल मिसळलं तर सर्वांत आधी उणीव भासते ती इथे. दाजींच्या गाडीत टर्बोचा आवाज स्वच्छ होता, इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या नळीत ऑइलचा नेहमीचा ओलसरपणा होता, त्याहून जास्त काही नव्हतं. वॉरंटीतली गाडी म्हणून मी त्यापुढे काही उघडलं नाही.

मळ्यावरून आल्यावरच्या पाच मिनिटांबद्दल मी दाजींना समजावलं. तीन किलोमीटर रांगलेल्या गाडीचा टर्बो मुळात तापलेलाच नसतो. ती पाच मिनिटं म्हणजे थंड इंजिनात आणखी पेट्रोल. उलट, ज्या दिवशी ते नाशिकहून महामार्गाने जोरात आले आणि दारात थांबताक्षणी चावी फिरवली, त्या दिवशी थांबायला हवं होतं. वहीत त्या चारही दिवशी शेरा कोरा होता. जोरात पळवून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू यावं, ते जमलं नाही तर मिनिटभर चालू ठेवून बंद करावी. बंद करताक्षणी ऑइलचा प्रवाह थांबतो आणि धुराच्या बाजूची उष्णता शाफ्टमध्ये शिरते. तिथे राहिलेलं ऑइल करपून कोळशासारखं बसतं. हल्लीच्या टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, काहींत गाडी बंद झाल्यावरही इलेक्ट्रिक पंप पाणी फिरवत राहतो, त्यामुळे धोका पुष्कळ कमी झालाय. पण घाटाच्या माथ्यावर मिनिटभर थांबायला काही जात नाही.

काय केलं

पहिली गोष्ट, ऑइल आणि फिल्टर बदलायचं. सर्व्हिस सेंटरने आधी नकार दिला. ऑइल १०,००० किलोमीटरला बदलतात, एवढंच उत्तर; पातळी जास्त आहे तर काढून देतो म्हणाले. नुसतं वरचं काढलं असतं तर मिश्रण तेच राहिलं असतं. दाजींनी वही पुढे केली, मी ट्रिमचा आकडा दाखवला, आणि पैसे आम्ही देऊ, पण जॉब कार्डवर पातळी आणि पेट्रोलचा वास असं लिहून द्या म्हटलं. ते दिलं. वॉरंटीतल्या गाडीचं ऑइल माझ्या गॅरेजमध्ये बदलणं मला सोपं होतं, पण उद्या काही निघालं तर तो कागद लागला असता. १,१८० किलोमीटरला एसपी दर्जाचं, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल पडलं.

दुसरी गोष्ट, इंजिन खऱ्या अर्थाने चालवायचं. पुढच्या रविवारी दाजी चालवायला, मी शेजारी, ताई आणि भाचा मागे. निफाडहून पिंपळगाव बसवंत, वणी, नांदुरी आणि सप्तशृंगी गड. वणीपर्यंत साधं चाललो, ऑइल तापेपर्यंत. पुढे रस्ता मोकळा मिळाला तिथे तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ४,००० पर्यंत, पाय निम्म्याहून थोडा जास्त. मग पाय पूर्ण काढून, गिअरमध्येच, काटा आपोआप २,००० वर येईपर्यंत. थोडं साधं चालून पुन्हा. असं दहा-बारा वेळा. काटा चढताना वायूचा दाब रिंगांना भिंतीवर दाबतो. पाय काढला की सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, ऑइल वर येतं आणि घासलेली जागा धुऊन थंड करतं.

पहिल्यांदा ४,००० गाठले तेव्हा दाजींनी पाय काढून घेतला. "इंजिन ओरडतंय रे."

"ओरडत नाही, काम करतंय. पुस्तकातली मर्यादा अजून वर आहे. परत घ्या."

तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्यांचा हात सैल झाला. नांदुरीपासून गडाचा घाट दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, २,५०० ते ३,५०० दरम्यान चढलो. 'टक्' एकदाही नाही. माथ्यावर मिनिटभर चालू ठेवून बंद केली, तर पंखा तसाच घरघरत राहिला. दाजी काळजीने बॉनेटकडे बघत राहिले. तो आपोआप थांबला. दर्शन घेऊन उतरताना घाट गिअरमध्येच उतरलो, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता. ते उतरणंही रनिंग-इनचाच भाग होता.

असे तीन रविवार केले. सप्तशृंगी दोनदा, एकदा नाशिकमार्गे कसाऱ्यापर्यंत जाऊन परत घाट चढून.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत महत्त्वाची: पहाटेच्या मळ्याच्या फेऱ्या गाडीने बंद. भाचा मोटारसायकलने जातो. दाजींना जायचंच असेल त्या दिवशी मळ्यावरून सरळ घरी न येता पिंपळगावचं काम त्यालाच जोडतात, म्हणजे गाडी एकदाच पण पुरती तापते. मळ्याच्या कच्च्या वाटेवरची धूळ कमी झाली हा वेगळा फायदा. एअर फिल्टर ५,००० ला काढून बघितला तर पहिल्या तीन महिन्यांची लाल माती त्याच्या घड्यांत बसलेली होती. टर्बोच्या चाकाला बारीक मातीसुद्धा वाळूच्या कागदासारखी लागते, म्हणून फिल्टर झटकून परत न घालता नवाच घातला आणि त्याच्या रबरी कडा चारी बाजूंनी नीट बसल्यात ना, ते हाताने फिरवून पाहिलं.

पुढचे आकडे

१,६०० किलोमीटरला ट्रिम उणे ३. ३,००० ला उणे २, आणि तिथेच स्थिरावला. झाकणावरचा पांढरा थर दुसऱ्याच रविवारी गेला. पट्टीवरची पातळी १,१८० पासून ५,००० पर्यंत जेमतेम तीन मिलिमीटर खाली उतरली. म्हणजे इंजिन थोडं ऑइल खात होतं, जे नव्या टर्बो इंजिनाला साजेसं आहे, आणि खालून पेट्रोल त्याची जागा भरत नव्हतं. ५,००० ते ९,००० दरम्यान जवळपास काहीच नाही. रिंगा बसल्याचा याहून चांगला पुरावा इंजिन न उघडता मिळत नाही. अ‍ॅव्हरेज वाढलं, पण ते मी हिशेबात धरत नाही. तीन किलोमीटरच्या फेऱ्या थांबल्यावर ते वाढणारच होतं.

दुसरं ऑइल १०,००० ची वाट न पाहता ६,००० ला बदललं. पुस्तकाची मुदत साध्या वापराला ठीक असेल. थंडीतल्या छोट्या फेऱ्या, कच्चा रस्ता आणि घाट ज्याच्या वाट्याला आहेत त्याने ती निम्मी करावी, असं मी माझ्या सगळ्या टर्बोवाल्या गिऱ्हाइकांना सांगतो. बऱ्याच पुस्तकांत शेवटच्या पानांत खडतर वापराची वेगळी मुदत छापलेलीही असते.

दिवाळीला निफाडला गेलो तेव्हा वही बघितली. थंडी पुन्हा सुरू व्हायला आली होती. "१० मिनिटे चालू ठेवून गरम केली" हे वाक्य कुठे नव्हतं. शेऱ्याच्या आधी एक नवा रकाना आखलेला होता, वर लाल शाईने लिहिलं होतं: "पूर्ण तापली का?" खाली पानभर 'हो', मध्ये दोन ठिकाणी 'नाही', आणि त्या दोन्ही 'नाही'पुढे दुसऱ्या दिवशीची नाशिकची फेरी.